मीटरवर १२.६ व्होल्ट, तरी स्टार्टर फिरत नाही: करंट, व्होल्टेज आणि रेझिस्टन्स यांचं नातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीची बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टरपर्यंत, म्हणजे इंजिनला सुरुवातीला फिरवणाऱ्या मोटरपर्यंत, गेलेल्या जाड वायरच्या टोकाशीही १२.६च मिळतात. आतला छोटा दिवा व्यवस्थित लागतो. पण किल्ली फिरवली की नुसता टक-टक आवाज येतो, तो दिवा मालवल्यासारखा होतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही. विचारणाऱ्याने पुढे लिहिलंय: "व्होल्टेज पूर्ण आहे, मग करंट जातो कुठे? शाळेत सूत्र पाठ केलं होतं, पण या तिघांचं नातं डोळ्यांसमोर उभं राहत नाही."

गाड्यांच्या वायरिंगचं काम मी सव्वीस वर्षं करतोय. तुमचा दोष बहुधा बॅटरीच्या टर्मिनलवरच्या जोडात आहे. तो कसा पकडायचा ते पुढे सांगतोच. पण तुमचा खरा प्रश्न नात्याचा आहे, आणि हीच गाडी ते नातं पुस्तकापेक्षा चांगलं शिकवेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी करंट, म्हणजे शाळेच्या भाषेत विद्युतधारा. तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन आधीपासूनच खच्चून भरलेले असतात. बॅटरी ते तयार करत नाही, फक्त त्यांना ढकलते. तारेच्या कुठल्याही एका जागेवरून सेकंदाला १ कुलोम (हे विद्युतभाराचं माप) भार पुढे सरकला की तो १ अँपिअर. १ कुलोम म्हणजे किती? साधारण ६२४ वर १६ शून्यं द्या, तेवढे इलेक्ट्रॉन. बस, करंट म्हणजे एवढंच: किती विद्युतभार सेकंदाला पुढे सरकतोय.

हे इलेक्ट्रॉन वेगाने धावत असतील असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात स्टार्टरच्या २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून २१० अँपिअर जात असताना इलेक्ट्रॉनांची पुढे सरकण्याची सरासरी गती सेकंदाला ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. तीन सेकंद स्टार्टर फिरवला, तर त्या इलेक्ट्रॉनांनी केबलमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर मजल मारलेली असते. तरी किल्ली फिरवताक्षणी स्टार्टर फिरतो, कारण सगळी रांग एकदमच हलते. सायकलची चेन आठवा. पॅडल दाबलं की मागचं चाक लगेच फिरतं. त्यासाठी पुढची कडी मागे पोचायची वाट पाहावी लागत नाही. आणि चेन कुठे खर्चही होत नाही. जेवढ्या कड्या चाकाकडे जातात तेवढ्याच परत येतात. खर्च होते ती पायांची ताकद.

म्हणून "करंट जातो कुठे" याचं सरळ उत्तर: करंट कुठेच जात नाही, मुरत नाही, संपत नाही. बॅटरीच्या एका टर्मिनलमधून जेवढा निघतो, तेवढाच दुसऱ्यातून परत येतो. तुमच्या गाडीत तो हरवलेला नाही. तो मुळात पुरेसा वाहतच नाहीये.

आता व्होल्टेज. शाळेत याला विभवांतर म्हणायचे, आणि त्या शब्दातलं 'अंतर' हेच महत्त्वाचं आहे. व्होल्टेज एका जागी नसतं, दोन जागांमध्ये असतं. "या वायरला १२ व्होल्ट आहेत" असं आम्ही कारागीरही दिवसभर बोलतो, पण ते अर्धवट वाक्य आहे. कशाच्या तुलनेत? मीटरला दोन प्रोब, म्हणजे टोचायची टोकं, उगाच दिलेल्या नाहीत. त्या दोन जागांपैकी एकीकडून दुसरीकडे १ कुलोम भार गेला तर किती ऊर्जा देईल, ते व्होल्टेज सांगतं. १२ व्होल्ट म्हणजे दर कुलोममागे १२ ज्यूल. ही झाली क्षमता. प्रत्यक्षात भार सरकतोय की नाही, किती सरकतोय, याबद्दल हा आकडा काही बोलत नाही. टाकी भरलेली आणि नळ बंद असला तरी पाण्याचा दाब असतोच.

तिसरा रेझिस्टन्स, म्हणजे रोध. सरकणाऱ्या भाराला वाटेत होणारा अटकाव. तारेची लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की कमी होतो. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.०१७ ओहम (ओहम हे रोधाचं माप). स्टार्टरची केबल २५ चौरस मिलिमीटरची असेल तर मीटरभर लांबीला फक्त ०.०००७ ओहम. तिच्यातून २१० अँपिअर गेले तर वाटेत ०.१५ व्होल्टच पडतात. त्याच जागी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर दीड व्होल्ट वाटेतच जातील आणि एवढ्याशा वायरीत ३०० वॉटची उष्णता तयार होईल. स्टार्टरची केबल अंगठ्याएवढी का असते आणि हॉर्नची का नसते, ते यावरून कळेल.

तिघांना जोडणारं सूत्र तुम्हाला पाठ आहे: व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रेझिस्टन्स. लोक इथे एक चूक करतात. मीटरवर दिसलेलं कुठलंही व्होल्टेज घेतात आणि कुठल्याही रेझिस्टन्सने भागतात. ज्या तुकड्याचा रोध घेतला, त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं असतं. हे एकदा पक्कं झालं की अर्धं शास्त्र हाताशी आलं.

आता गाडीचा हिशेब करू. आकडे सोपे धरतो. बॅटरी न वापरता मोजली तर १२.६ व्होल्ट. बॅटरीच्या पोटातही रोध असतो, तो ०.०१ ओहम. स्टार्टर अजून फिरायला लागलेला नाही त्या क्षणी त्याचा रोध ०.०५ ओहम. (मोटर फिरू लागली की ती स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज निर्माण करते आणि करंट उतरतो, आपण सुरुवातीचा क्षण बघतोय.) केबलचा रोध किरकोळ, तो सोडून देऊ.

सगळं नीट असेल तर एकूण रोध ०.०६ ओहम. १२.६ भागिले ०.०६, म्हणजे २१० अँपिअर. त्यातले २.१ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच पडतात, बाहेर उरतात १०.५, आणि ते सगळे स्टार्टरला मिळतात. म्हणजे किल्ली फिरवताना बॅटरीवर मीटर लावला तर तो १०.५ दाखवेल. हा आकडा लक्षात ठेवा.

आता त्याच वाटेत, बॅटरीचं टर्मिनल आणि त्यावर आवळलेली वायरची पकड, म्हणजे क्लॅम्प, यांच्यामध्ये अर्ध्या ओहमचा खराब जोड घाला. अर्धा ओहम ऐकायला काहीच वाटत नाही. पण एकूण रोध झाला ०.५६. करंट उतरला २२.५ अँपिअरवर. वाटणी बघा: जोडावर ११.२५ व्होल्ट, स्टार्टरवर जेमतेम १.१, बॅटरीच्या पोटात ०.२. बेरीज पुन्हा १२.६च. ही बेरीज कधीच चुकत नाही. बंद वाटेने पूर्ण फेरी मारली की जेवढं व्होल्टेज बॅटरीने दिलं, तेवढंच वाटेतल्या सगळ्या तुकड्यांवर मिळून पडतं. हा नियम गुस्टाफ किर्खहॉफ यांनी १८४५ मध्ये, विद्यार्थी असताना मांडला.

या उदाहरणात बॅटरीच्या टर्मिनलवर किल्ली फिरवताना किती दिसेल? १२.४. चांगल्या गाडीत १०.५ आणि बिघडलेल्या गाडीत १२.४! किल्ली फिरवूनही व्होल्टेज खाली येत नाही, म्हणजे बॅटरी ठणठणीत, असं वाटून लोक समाधानाने मीटर खाली ठेवतात. बॅटरी ठणठणीत आहे हे खरंच. पण व्होल्टेज खाली आलं नाही कारण तिच्यातून कोणी काही घेतलंच नाही.

मग स्टार्टरच्या वायरीवर १२.६ का दिसले? इथेच सगळी मेख आहे. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १ कोटी ओहमच्या आसपास असतो. किल्ली न फिरवता मोजताना त्या वाटेने वाहणारा करंट एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाहून थोडा जास्त, एवढाच. तो अर्ध्या ओहमच्या जोडातून जाताना व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी व्होल्टेज पाडतो. मीटरला ते दिसणंच शक्य नाही. जोड अर्ध्या ओहमचा असो की हजार ओहमचा, मीटर १२.६च म्हणणार. करंट वाहत नसेल तर कुठलाही रोध स्वतःचं अस्तित्व दाखवत नाही. म्हणून लोड नसताना, म्हणजे करंट ओढणारं काही चालू नसताना, मोजलेलं व्होल्टेज जोडाबद्दल काहीही सांगत नाही. या उत्तरातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

घरातही हेच घडतं. टेस्टर पेटतो, पण पंखा फिरत नाही. टेस्टरच्या निऑनला पेटायला नगण्य करंट पुरतो, तो तुमच्या अंगातून जातो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो पेटेल, कारण त्याला न्यूट्रलची गरजच नाही. पंख्याला मात्र परतीची वाट लागते.

आता टक-टक आवाज. स्टार्टरवर एक चुंबकीय स्विच असतो. त्याला मोटरच्या मानाने बराच कमी करंट लागतो, त्यामुळे खराब जोडातूनही तो कसाबसा ओढला जातो: टक. ओढला गेला की तो मोटर जोडतो. मोटर जोडली की सगळं व्होल्टेज त्या जोडावर पडतं, पुढे एखादाच व्होल्ट उरतो, स्विच सुटतो: टक. सुटला की मोटर वेगळी होते, व्होल्टेज परत येतं, स्विच पुन्हा ओढला जातो. सेकंदात कितीतरी वेळा हा खेळ चालतो. हाच आवाज बॅटरी उतरल्यावरही येतो, म्हणून नुसत्या आवाजावरून निदान करू नका.

दिव्याचंही उत्तर यातच आहे. ५ वॉटच्या दिव्याला ०.४ अँपिअर लागतात. अर्ध्या ओहमच्या जोडावर त्याने ०.२ व्होल्ट पडतात. १२.६ ऐवजी १२.४ मिळाले तर डोळ्याला फरक कळत नाही. जोड आणि स्टार्टर एकसर जोडणीत आहेत, म्हणजे एकामागोमाग. दोघांतून एकच करंट जातो आणि व्होल्टेज वाटलं जातं. दिवा आणि स्टार्टर समांतर जोडणीत आहेत. दोघांना व्होल्टेज सारखं मिळतं आणि करंट वाटला जातो. पण दोघेही जोडाच्या पलीकडे आहेत. स्टार्टरने व्होल्टेज एकवर आणलं की दिव्यालाही एकच मिळतं. तुमचा दिवा मालवतो तो त्यामुळे. तो जोड अलीकडे आहे की पलीकडे, हे दिव्यानेच तुम्हाला सांगितलंय.

ज्यांच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं त्या गेऑर्ग ओहम यांनाही प्रयोगाच्या सुरुवातीला ह्याच प्रकाराने छळलं होतं, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. त्या काळच्या बॅटऱ्या, म्हणजे व्होल्टा यांच्या १८०० सालच्या शोधातून आलेल्या, करंट घेतला की घसरायच्या. आकडे स्थिर राहायचे नाहीत. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ओहम यांनी बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथ यांचा जोड वापरला: एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. १८२६ मध्ये त्यांना जे सूत्र मिळालं, त्यात छेदात दोन पदं होती: एक मोजायच्या तारेचं, दुसरं उरलेल्या सर्किटचं. शाळेत आपल्याला ते दुसरं पद सहसा शिकवत नाहीत, किंवा शेवटच्या धड्यात 'अंतर्गत रोध' म्हणून एका ओळीत उरकतात. माझ्या मते शिकवायची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. तुमच्या गाडीचा सगळा घोटाळा त्या 'उरलेल्या सर्किट'मध्ये आहे.

हे मला महागात पडून कळलं. शिकाऊ असताना एका ट्रॅक्टरची बॅटरी मी बदलायला लावली. नवीन बॅटरी बसवताना क्लॅम्प हातासरशी घासून लावले होते, ट्रॅक्टर लगेच चालू झाला, आणि माझं निदान बरोबर ठरलं असं मी समजलो. दोन दिवसांनी जुनी बॅटरी सहज दुसऱ्या गाडीला लावून बघितली, तर ती व्यवस्थित चालली. मालकाचा खर्च माझ्यामुळे वाया गेला होता. दोष बॅटरीत नव्हता, मी नकळत घासून काढलेल्या थरात होता. त्यानंतर मोजल्याशिवाय मी एकही बॅटरी बदललेली नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवलेलं. १२ व्होल्टचा शॉक कोरड्या त्वचेला सहसा जाणवत नाही, कारण शरीराचा रोध जास्त असतो. पण अंगठीचा रोध जवळजवळ शून्य. ती पाना आणि बॉडी यांच्यात अडकली तर शेकडो अँपिअर तिच्यातून जातात आणि ती बोटातच लाल होते. व्होल्टेज कमी म्हणजे धोका नाही, हा समज सोडा.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, अगदी मधोमध टोचून धरा. दुसरी प्रोब क्लॅम्पवर धरा, खुंटीला न लागू देता. दोन्ही प्रोबमध्ये बोटभरही अंतर नाही. मीटर ०.०० दाखवेल. आता कोणालातरी किल्ली फिरवायला सांगा. जोड चांगला असेल तर आकडा ०.२ च्या वर जाणार नाही. खराब असेल तर तो उसळेल: ४, ९, ११, आणि टक-टकसोबत नाचत राहील. बोटभर अंतरात अकरा व्होल्ट! एकाच धातूच्या तुकड्यासारख्या दिसणाऱ्या दोन जागांमध्ये ते बघितलं की व्होल्टेज दोन जागांमध्येच का असतं, हे पुन्हा कोणी समजावून द्यावं लागत नाही.

आकडा फारच नाचत असेल तर किल्ली सोडा आणि हेडलाइट लावा. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे असतील तर अर्ध्या ओहमच्या जोडावर साडेतीन व्होल्टच्या आसपास स्थिर आकडा मिळेल, आणि दिवे पिवळट दिसतील.

अशीच मोजणी मायनसच्या खुंटीवर करा. मग मायनसची खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात करा. ही परतीची वाट लोक विसरतात. करंटला जाण्याएवढंच येणंही लागतं, आणि बॉडीला घट्ट केलेला अर्थिंगचा बोल्ट रंगाखाली किंवा गंजाखाली असेल तर प्लसकडे सगळं चकाचक असूनही स्टार्टर फिरणार नाही.

मीटर ओहमवर ठेवून तो जोड मोजू का, असा प्रश्न पुढे येईल. नको. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम भरतो, आणि बॅटरी जोडलेली असताना ओहमवर मोजणं मीटरसाठीही वाईट. शिवाय ओहमचे आकडे फसवतात. तो ५ वॉटचा दिवा काढून मोजला तर दोन-तीन ओहम दाखवेल. सूत्राने यायला हवेत जवळजवळ २९. मीटर चुकत नाही: तार गार आहे. पेटल्यावर ती दोन हजार अंशांच्या वर तापते आणि रोध दसपटीच्या आसपास वाढतो. रोध हा वस्तूला चिकटवलेला कायमचा आकडा नाही. एलईडीला तर हे सरळ सूत्र लागूच होत नाही.

दोष जोडात निघाला तर आधी मायनस काढा, मग प्लस. जोडताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. क्लॅम्प आतून बघा. बाहेरचा पांढरा-हिरवा फुलोरा सगळ्यांना दिसतो, पण अडवतो तो आतला काळपट करडा थर, जो शिशासारखाच दिसतो. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसा, पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, कोरडं करा, मग वायर ब्रशने खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू चांदीसारखी चमकेपर्यंत घासा. घट्ट बसवा, हाताने पिळून क्लॅम्प जराही फिरता कामा नये. ग्रीस लावायचं ते बसवून झाल्यावर, वरून.

मग तीच मोजणी पुन्हा. खुंटी ते क्लॅम्प ०.२ च्या आत, मायनसची खुंटी ते इंजिन ०.२ ते ०.३ च्या आत, आणि किल्ली फिरवताना थेट दोन खुंट्यांमध्ये १० च्या आसपास, असं आलं तर काम झालं. जोडांवरचे आकडे चांगले आहेत, पण दोन खुंट्यांमधलं व्होल्टेज ६-७ वर कोसळतंय, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा. तरी कोसळलं तर रोध बॅटरीच्या पोटात वाढलाय आणि ती बदलावी लागेल. आणि खुंट्यांवर १२ टिकून आहेत, जोडही निर्दोष आहेत, तरी स्टार्टर गप्प असेल, तर वाट पुढे कुठेतरी तुटलेली आहे. तेव्हा प्रोब प्लसच्या क्लॅम्पवर ठेवून दुसरी स्टार्टरच्या दिशेने एकेक जोड ओलांडत न्या, प्रत्येक वेळी किल्ली फिरवून. ज्या तुकड्यावर आकडा एकदम उडी मारेल, तो तुकडा उघडा.